वाचून दाखविले



वाईला पहाटे कृष्णेच्या घाटावर गेलात, तर ढोल्या गणपतीच्या देवळापुढच्या पायऱ्या ओल्या दिसतात. स्नान करून माझे आजोबा त्या पायऱ्यांवरून परतत. ऊन चढण्यापूर्वी कचेरीजवळच्या झाडाखाली पेटी मांडून बसत. ते अर्ज लिहीत.

जमिनीचा फेरफार, तगाई, वारसाची नोंद अशा कामांसाठी कोस-दोन कोस चालत आलेला, अक्षरओळख नसलेला शेतकरी त्यांच्यापुढे संकोचाने आपला अंगठा पुढे करी, तेव्हा आजोबा शाईची डबी झाकून ठेवीत आणि म्हणत, "आधी ऐका." मग सावकाश वाचीत. शब्द अडला की त्याच्या बोलीत सांगत. कागदाच्या अखेरीस 'वाचून दाखविले' असा शेरा असे. पुष्कळांच्या लेखी ती केवळ रीत होती. आजोबांच्या लेखी ते वचन होते. वाचून दाखविले, म्हणजे खरोखरच वाचून दाखविले.

मी एकदा विचारले, "आजोबा, इतका वेळ का घालवता?"

ते म्हणाले, "बाळ, त्याचा अंगठा म्हणजे त्याचं शेत आहे."

समोरच्याला अक्षर कळत नाही आणि आपल्याला कळते, त्या क्षणी आपली सचोटी तपासणारा दुसरा कोणीही तिथे नसतो. आजोबांना हे ठाऊक होते. म्हणूनच ते वाचीत.

आज बँकेत, दवाखान्यात, तलाठ्याच्या दारात कोणी वृद्ध हाती कागद घेऊन आपल्याकडे पाहतील. श्रोतेहो, क्षणभर थांबा. त्यांना तो सावकाश वाचून दाखवा.