ऐकणाऱ्याचे देणे

एखादे गाणे आवडले म्हणजे त्या गाण्याचे काही देणे आपल्या अंगावर येते काय? हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो कॅम्पातील एका मासिक बैठकीत. निमित्त होते ‘अंतराग्नी’ या अल्बमचे. लोकसंगीत आणि रॉक यांची सांगड घालणाऱ्या ‘रघु दीक्षित प्रोजेक्ट’ या वाद्यवृंदाचा हा पहिला अल्बम २००८ साली निघाला. आमच्या एका तरुण सभासदाने तो लावला. पहिले कानडी पद सुरू झाले आणि एका ज्येष्ठ सभासदांनी आवाज न चढवता विचारले, “हे इथे कशासाठी?”

या तीन शब्दांमागे काय असते, हे सीमाभागातील वाचकांस सांगणे नलगे. १९५६ ची राज्यपुनर्रचना, दर एक नोव्हेंबरचा काळा दिवस, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा हे सारे त्यात आले. विचारणाऱ्या गृहस्थांनी भाषेसाठी तारुण्यातील काही महिने तुरुंगात काढले आहेत. ‘कलेला भाषा नसते’ असे म्हणून त्यांना गप्प करणे सोपे होते. पण ते वाक्य खोटे आहे. पदाला भाषा असतेच, आणि ती असते म्हणूनच ते पद असते.

ते पद होते ‘गुडुगुडिया सेदि नोडो’. कर्ते संत शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९). हुबळीच्या पलीकडे, आजच्या हावेरी जिल्ह्यातील शिशुनाळचे हे मुसलमान संतकवी. कळसचे गोविंदभट्ट या ब्राह्मणाचे ते शिष्य झाले आणि दोन्हीकडच्या लोकांचा रोष गुरुशिष्यांनी पत्करला. गुरूने शिष्याच्या गळ्यात जानवे घातले अशी आख्यायिका आहे. शरीफांची पदे ‘तत्त्वपद’ या परंपरेतली. घरातल्या, शेतातल्या, बाजारातल्या वस्तू घ्यायच्या आणि त्यांतून देह, श्वास, अज्ञान यांविषयी बोलायचे, ही त्यांची रीत. याच अल्बममधील दुसऱ्या पदात घराचे मातीचे धाबे गळते आहे आणि वर चढून ते नीट करणारा कोणी नाही. नाथांची भारुडे ज्यांच्या कानावरून गेली आहेत त्यांना ही रीत परकी वाटू नये. शरीफांच्या एका पदात कोंबडी माकडाला गिळते. मुक्ताबाईंच्या मुंगीने सूर्य गिळला होता तो फार पूर्वीच.

गुडगुडी हा शब्द तर भाषांतराची वाटही पाहत नाही. तो उच्चारताच निपाणीचे आमचे एक सभासद सावरून बसले. त्यांच्या घरी तंबाखूची शेती; वखारीत साठवलेल्या मालाची झोंबणारी धूळ त्यांनी लहानपणापासून नाकात भरून घेतलेली. देहाची गुडगुडी करून ती ओढून पाहा, या रूपकावर ते म्हणाले, “हे लिहिणाऱ्याने तंबाखू जवळून पाहिलेली आहे.” आमच्या मते त्या संध्याकाळचे हे सर्वांत चांगले समीक्षण होते.

आक्षेप दुसऱ्या बाजूनेही आला. संताच्या पदाला गिटार आणि ड्रम कशाला? या आक्षेपात आम्हांस फारसा दम दिसत नाही. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने विजेची गिटार हाती घेतली तेव्हा श्रोत्यांतून निषेधाचे आवाज उठले होते; २०१६ साली त्यालाच साहित्याचे नोबेल मिळाले. शरीफांची पदे तर मुखपरंपरेने गावोगावच्या भजनांतून वाहत आली. सी. अश्वथ यांनी त्यांना सुगम संगीताचा पेहराव दिला आणि १९९० च्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटाने ती घराघरांत नेली. त्यांचे मूळ रूप कोणते, हे कोण ठरवणार? रघु दीक्षित यांचा जन्म नाशिकचा, वाढ म्हैसूरची, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे, जोडीला भरतनाट्यम्. असा माणूस गिटार घेऊन शरीफांकडे गेला तर त्याने परंपरा मोडली असे म्हणवत नाही.

खरी अडचण वाद्यांची नाही, श्रोत्यांची आहे. २०१० साली हा वाद्यवृंद ब्रिटिश दूरचित्रवाणीवर जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात गायला. २०११ साली ‘साँगलाइन्स’ या नियतकालिकाचा नवागतांचा पुरस्कार त्याला मिळाला. तिथल्या श्रोत्याला कानडीचा एक शब्द कळत नव्हता. त्याने ठेका घेतला, आवाज घेतला, आणि त्याचे अज्ञान निर्दोष होते. आमचे तसे नाही. आम्ही बाजारात कानडीत भाव करतो, बसची पाटी वाचतो, कार्यालयात अर्ज देतो. आम्हांला अर्धी कानडी येते. उरलेली अर्धी येऊ नये याची मात्र आम्ही काळजी घेतली आहे. सक्तीने लादलेली भाषा मनापासून शिकवत नाही, हे खरे. पण सक्ती करणारे सरकार आणि पद रचणारे शरीफ हे एक नव्हेत, एवढा विवेक आम्ही का केला नाही?

याहून अवघड गोष्ट अशी. पं. भीमसेन जोशी गदगकडचे, पं. कुमार गंधर्व येथून जवळच्या सुळेभावीचे. दोघांचीही मायबोली कानडी. एकाच्या गळ्यातून तुकोबांचे अभंग आमच्या देवघरात आले, दुसऱ्याने आमची नाट्यगीते नव्याने ऐकवली. आम्ही त्यांना आमचे म्हटले आणि ते योग्यच होते. मात्र ते चालत आले ती वाट उलट दिशेने आमच्यापैकी किती जण चालून गेले? ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले, याचा दाखला आम्ही भाषणांत देतो आणि कानडीतील एक पद अर्थासह सांगता येत नाही. आपल्या भाषेच्या हक्कासाठी भांडणे न्याय्य आहे, ते आम्ही सोडणार नाही. पण म्हणून दुसऱ्याच्या भाषेचे देणे माफ होते, असा हिशेब आम्हांस मांडता येईना.

ज्येष्ठ सभासद उठून गेले नाहीत. गाणे पुन्हा लावा, असेही म्हणाले नाहीत. त्यांनी एका शब्दाचा अर्थ विचारला आणि आमच्यात दोन मते झाली. तेव्हा दाराशी चहाचे पेले गोळा करीत असलेल्या बाईंना कोणी तरी विचारले. गेली कित्येक वर्षे त्या आमचे सभागृह झाडतात. त्या कुठल्या, हे आम्ही कधी विचारले नव्हते. त्यांनी अर्थ सांगितला, मग ते पद म्हणून दाखवले. चाल अल्बममधील नव्हती, चित्रपटातीलही नव्हती. आणखी एक कडवे होते, ते आमच्यापैकी कोणी ऐकलेले नव्हते. तरुण सभासद कागद शोधू लागला, तोवर त्या पेले घेऊन आत गेल्या होत्या.