ठेवावे की विकावे?



घर बदलताना किंवा रंगकामाच्या आधी माळा रिकामा केला की एखादा पत्र्याचा डबा हमखास खाली येतो. आत रबराने बांधलेले गठ्ठे असतात. बिग फन बबलगमबरोबर मिळणारी, धावा आणि विकेट छापलेली क्रिकेटपटूंची चित्रे, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रम्प कार्डे, ‘एकच षटकार’मधून कापून घेतलेले फोटो, १९९९च्या वर्ल्ड कपच्या वेळी धावा मोजत जमवलेली ब्रिटानियाची वेष्टने. ज्यांनी हे जमवले ती मुले आज चाळिशीत आहेत. त्यांच्या मुलांच्या खणात कदाचित आयपीएलची क्रिकेट अटॅक्स कार्डे असतील. डबा उघडला की घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो, “रद्दीत टाका.” दुसरा म्हणतो, “थांबा, याला आता किंमत येते.” तिसरा काहीच बोलत नाही, पण डबा जवळ ओढून घेतो.

हा वाद क्षुल्लक वाटेल. परंतु कपाटातली साडी, आजीची पाटली, गावची जमीन यांच्याबाबतही आपण हाच प्रश्न विचारतो. फरक इतकाच, की कार्डाच्या बाबतीत तो कमी रागाने विचारता येतो. म्हणून आज या डब्याच्या निमित्ताने थोडा विचार करू या.

भिवंडीकरांना वजनाचा भाव सांगायला नको. ज्या यंत्रमागाच्या खटखटीवर घरे चालली, मुले शिकली, ते माग मंदीच्या वर्षांत भंगारात किलोच्या दराने गेलेले आपण पाहिले आहेत. भंगारवाल्याचा काटा खोटे बोलत नव्हता, लोखंड तेवढेच होते. तरीही माग ट्रकवर चढवताना मालकाचा चेहरा का पडतो? कारण काट्यावर लोखंड चढते, त्या मागावर काढलेल्या रात्रपाळ्या चढत नाहीत.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने हा भेद फार पूर्वी सांगून ठेवला. जोडा पायात घालता येतो आणि तो देऊन दुसरे काही घेताही येते. दोन्ही जोड्याचेच उपयोग. पण जोडा बनला तो पायासाठी, अदलाबदलीसाठी नव्हे. आता कार्डाचे काय? ते बनले मुलाला बबलगम विकत घ्यायला लावण्यासाठी, हे उघड आहे. परंतु मुलाच्या हातात आल्यावर ते खेळण्यासाठी, मित्राला दाखवण्यासाठी, एकावर दोन देऊन बदलण्यासाठी झाले. बाजारात त्याला भाव आला तो पुष्कळ नंतर.

हा भाव येतो कसा, तेही पाहिले पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. ती कार्डे काढणाऱ्या टॉप्स कंपनीतील साय बर्जर सांगत असत, की त्या वर्षीचा न खपलेला माल पुढे पेट्याच्या पेट्या भरून समुद्रात बुडवण्यात आला. म्हणजे जे कुणालाच नको होते, ते उरले नाही म्हणून सर्वांना हवेसे झाले. शिवाय हे कार्ड जवळजवळ कोरे राहिले होते. बाजाराला असेच कार्ड आवडते: ज्याचा कोपरा दुमडलेला नाही, ज्यावर डिंकाचा डाग नाही, मागे कुणाचे नाव लिहिलेले नाही.

येथे एक गंमत आहे, आणि आपल्या निर्णयाला तिचा उपयोगही आहे. ज्या कार्डावर मुलाने खरा जीव लावला, ते कार्ड बाजारात पडते. ते खिशातून शाळेत गेले, पावसात भिजले, वहीत चिकटवले गेले. बाजाराला न हाताळलेले हवे, आठवणीला हाताळलेले. म्हणून गठ्ठा सोडल्यावर बहुधा असे दिसते, की जे विकण्याजोगे आहे त्यात आपले फारसे काही नाही, आणि ज्यात आपले आहे ते कुणी विकत घेणार नाही. अर्धा प्रश्न येथेच सुटतो. कोरी कार्डे खुशाल विकावीत. दुमडलेल्यांपैकी थोडी निवडून ठेवावीत. सर्वच्या सर्व ठेवण्याची गरज नाही.

उरलेला अर्धा प्रश्न मात्र अवघड आहे: ज्याला भावही आहे आणि ज्यात आपले माणूसही आहे, त्याचे काय करावे?

टॉप्सचे ते कार्ड छापले गेले त्याच १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी दिली. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते ऋण फेडले. १९८४ साली ते गेले. पुढे २०१७ साली त्यांच्या मुलाने हे पदक लिलावात काढण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा अनेकांना धक्का बसला. पण कारण काय होते? गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा २००९ साली झाली होती, आणि ते उभे राहिले नव्हते. पदकाच्या पैशातून ते उभारावे, असे मुलाचे म्हणणे होते.

याला पदकाचा अपमान म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. ते पदक मुळात घडले ते कुणीतरी आपले घर पणाला लावले म्हणून. त्यातून गावच्या पोरांसाठी आखाडा व्हावा, ही इच्छा त्या देण्याचीच पुढची पायरी आहे. तेच पदक कुणी केवळ आकड्याला भुलून विकायला काढले असते, तर प्राचार्यांचे गहाण पडलेले घर आठवून आपल्याला लाज वाटली असती. वस्तू तीच, विकणेही तेच. पैसा कुणीकडे जातो, यावर सारे ठरते.

दुसरे एक उदाहरण कार्डाचेच आहे. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे शंभर वर्षांहून जुने कार्ड फारच दुर्मीळ समजले जाते. त्यातले एक, कडा कापलेले, एका गृहस्थाजवळ १९३६ पासून होते. त्यांची बहीण धर्मभगिनी होती. त्यांनी आपली मिळकत मृत्युपत्राने तिच्या संघाला, बाल्टिमोरच्या स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दामला ठेवली. त्या भगिनींना बेसबॉलच्या कार्डाचे काय? त्यांनी २०१० साली ते लिलावात विकले, दोन लाखांहून अधिक डॉलर आले, आणि ते गोरगरिबांमधील त्यांच्या कार्यासाठी गेले. भावाने सत्तर वर्षांहून अधिक काळ ठेवले आणि बहिणींनी वर्षभरात विकले. कोण बरोबर? दोघेही. ठेवणाऱ्याने नीट ठेवले म्हणून विकणाऱ्यांना काही करता आले.

संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेविषयी सांगितलेले येथे लागू पडते. वस्तू आपल्या नावावर ठेवणे, सांभाळणे हे माणसाला योग्यच आहे, कारण जे सर्वांचे असते त्याची काळजी कुणीच घेत नाही. परंतु तिचा वापर करताना ती जणू सर्वांची आहे असे समजून, गरजूला देण्यास आपण तयार असले पाहिजे. म्हणजे आपण मालक आहोत ते राखणदार म्हणून. भिवंडीच्या आसपास मैलोन्‌मैल गोदामे आहेत. तिथे माल ठेवलेला असतो, पण तो कुठे जायचा आहे हे पेटीवर लिहिलेले असते. आपल्या माळ्यावरच्या पेट्यांवर तसे काही लिहिलेले नसते, हीच अडचण आहे.

मग ठरवायचे कसे? तीन प्रश्न विचारून पाहावेत.

पहिला: हे खरोखर कुणाचे आहे? समजा, दोन भावांनी खाऊचे पैसे एकत्र करून कार्डे जमवली. एक आज आखातात नोकरीला आहे, दुसऱ्याच्या घरी डबा राहिला. डबा घरात आहे म्हणून तो एकट्याचा होत नाही. विकण्यापूर्वी एक फोन करावा. कार्डांच्या पैशांपेक्षा त्या फोनवर भाऊ जे बोलतील, ते मोलाचे ठरण्याचा संभव आहे. तसेच मुलाचा गठ्ठा त्याला न विचारता रद्दीत घालणाऱ्या पालकांनी ध्यानात घ्यावे, की मूल लहान असले तरी त्याचे ते त्याचेच असते. आणि एखाद्या विधवेकडून, तिला भाव ठाऊक नाही म्हणून, मौल्यवान संग्रह रद्दीच्या दराने उचलणे हा व्यवहार नव्हे. आपल्याला भाव माहीत असेल तर तो तिला आधी सांगणे, हा आपला धर्म आहे.

दुसरा: कोणती गोष्ट पुन्हा मिळणार नाही? विकलेली वस्तू परत येत नाही, हे खरे. म्हणून घाईने, दुःखाच्या भरात, घरात कुणी गेल्यावर पहिल्या महिन्यात काही विकू नये. पण फी भरण्याची तारीखही परत येत नाही, वेळेवर न झालेले ऑपरेशनही परत येत नाही. घरात खरी गरज असताना स्मृतीच्या नावाखाली डबा कवटाळून बसणे, हे गेलेल्या माणसावरचे प्रेम नाही. ज्याने आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या, तो आज असता तर त्याने स्वतःच डबा पुढे केला असता.

तिसरा: ठेवले, तर ते कोण पाहणार? पुण्याच्या दिनकर केळकरांचा एकुलता एक मुलगा राजा सातव्या वर्षी वारला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारा हा चष्म्यांचा व्यापारी पुढे आयुष्यभर गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, कुलुपे, वाद्ये जमवत राहिला. सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह त्यांनी शेवटी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. तो मुलाच्या नावाने आजही उभा आहे, आणि शाळेच्या सहलीची मुले तो पाहतात. बापाने आठवण जपली, पण कुलूप लावून नव्हे. आपला डबा संग्रहालयात जाणार नाही. पण शेजारच्या मुलाला तो बसून दाखवता येईल, एक कार्ड त्याच्या हातावर ठेवता येईल. जे कुणालाही दाखवायचे नाही आणि कुणालाही द्यायचे नाही, ते आपण कशासाठी ठेवतो आहोत, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. पुष्कळदा उत्तर ‘प्रेम’ नसून ‘भीती’ असे येते.

म्हणून या सुट्टीत डबा निघाला, तर एकट्याने निकाल लावू नका. सगळे एकत्र बसा. कोणते कार्ड कुणाकडून, कशाच्या बदल्यात आले, हे मुलांना सांगा. मग गठ्ठे करा: विकायचे, द्यायचे, ठेवायचे. विकायच्या गठ्ठ्याचा पैसा कशासाठी, ते आधीच ठरवून कागदावर लिहा. आणि ठेवायचा गठ्ठा एका हातात मावेल, एवढाच असू द्या.