आजीच्या हातची भाकरी

मनुष्याची जीभ फार दिवस स्मरण ठेवते. बुद्धी ज्या गोष्टी विसरून गेली, त्या एखाद्या वासासरशी परत येतात. परंतु जिभेचे हे स्मरण पुरते खरे असते काय, आणि तेवढ्याने ज्यांनी आम्हांस वाढविले त्यांचे ऋण फिटते काय, ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करू. कारण "आजीच्या हातची चव" हे शब्द हल्ली पुष्कळांच्या तोंडी ऐकू येतात, आणि आमच्याही तोंडी आहेत.

आमचे बालपण कयाधू नदीकाठच्या एका खेड्यात गेले. तो भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडत असे. हिंगोली हा निराळा जिल्हा १९९९ साली झाला. आमची आजी पहाटे उठून चूल पेटवी व काठवटीत ज्वारीचे पीठ घेऊन बसे. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यात कढत पाणी घालून ते तळहाताने चांगले रगडावे लागते. आणि दळण जुने झाले म्हणजे पिठाची विरी जाऊन भाकरी थापतानाच तुटते. ह्यास्तव ती एका वेळी थोडेच दळण करी. भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवी, मग उलटी, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी करून शेकी. तेव्हा तिला पापुद्रा सुटे. कोरड्यास म्हणून कधी ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडीची भाजी, कधी पातळ वरण, कधी नुसता मिरचीचा ठेचा असे.

आम्ही जेवत असताना ती चुलीपाशी बसून राही. "आजी, तू?" असे विचारले, तर म्हणे, "म्या मघाच खाल्लं, बाबा, तू खाय." हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले, आणि शेकडो वेळा खरे मानले.

पुढे शिक्षणासाठी आम्ही वसतिगृहात गेलो. निघताना तिने फडक्यात भाकरी व ठेचा बांधून दिला होता. तेथे इतर मुलांनी पोळीचे डबे उघडले, तेव्हा आम्हांस त्या फडक्याची लाज वाटली. आम्ही ते सोडलेच नाही. अंधार पडल्यावर मागील अंगणात जाऊन ती शिदोरी कुत्र्यास घातली, आणि उपाशी निजलो. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

आता काळ फिरला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे साल भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. जी भाकरी गरिबाचे अन्न म्हणून हिणविली जाई, तीच शहरातील उपाहारगृहांत लोक हौसेने मागून घेतात. आम्हीही पाहुण्यांपुढे आजीच्या भाकरीची थोरवी गातो. परंतु तेव्हाची ती लाज आणि आताचा हा अभिमान, ह्या दोहोंत आजी कोठे आहे? लाज आमची होती, अभिमानही आमचाच आहे.

तिची हकीकत आम्हांस ती गेल्यावर वडिलांकडून कळली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात ज्वारी मिळेनाशी झाली. परदेशातून आलेला मिलो नावाचा तांबडा जोंधळा लोकांनी खाल्ला, आणि दुष्काळी कामांवर स्त्रियांनीही खडी फोडली. त्यांत आमची आजी होती. कामावर मिळालेली सुकडी ती पदरात बांधून लेकरांसाठी घरी आणी, आणि म्हणे, "म्या मघाच खाल्लं." दुष्काळ सरला, परंतु ते वाक्य राहिले. घरात धान्य आले तरी ती सर्वांमागून टोपल्यात उरेल ते खाई. पुष्कळदा कोरड्यास संपलेले असे. मग मिठाशी भाकरी लावून ती पाणी पिई.

कोणी विचारील, आजीचे ते बोलणे असत्य नव्हते काय? होते. परंतु शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा आहे. तिने साक्ष दिली ती स्वतःविरुद्ध. तिला दोष देण्याआधी आम्ही स्वतःस विचारावे की, आम्ही ते खरे का मानले? टोपल्यात किती भाकरी उरल्या, हे डोळ्यांस दिसत होते. मानणे सोयीचे होते म्हणून मानले. तिच्या असत्यापेक्षा आमचा विश्वासच अधिक दोषी होता.

गणनाच्या पुस्तकात इस्राएल लोकांनी रानात बसून मिसर देशातील मासळी, काकड्या, कांदे व लसूण ह्यांची आठवण काढून रडल्याचे वाचकांस ठाऊक आहे. त्यांना चव आठवली. परंतु विटा पाडण्याची गुलामगिरी मात्र आठवली नाही. जीभ अशीच अर्धे स्मरण ठेवते. शाहू पाटोळे ह्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात मराठवाड्यातील दलित घरांतले अन्न लिहून ठेवले, आणि त्यास "अन्न हे अपूर्णब्रह्म" असे नाव दिले. चवीबरोबर उणीवही लिहावी, हेच प्रामाणिक स्मरण होय.

आजी गेली, तिचे ऋण तिला देता येत नाही. परंतु तिच्या जागी आज चुलीपाशी कोणी तरी बसलेली आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची उणीव आढळली. त्याची कारणे अनेक असतील. तथापि सर्वांमागून, उरेल ते खाणे हे त्यांतले एक नव्हे असे कोणता घरधनी छातीवर हात ठेवून म्हणेल? आम्हांस हे म्हणता येत नाही. आम्ही आजीची आठवण सांगत जेवत असू, आणि आमच्याच घरात मंडळींचे ताट मांडलेलेही नसे.

म्हणून बंधूंनो, आजीच्या भाकरीची आठवण जरूर काढावी. पण टोपले चुलीपाशी न ठेवता पंक्तीच्या मध्ये ठेवावे, आणि जिने रांधले तिचे ताट सर्वांबरोबर वाढावे. ती म्हणेल, "मी मघाच खाल्लं." तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहू नये, टोपल्यात पाहावे.