उदगीरचा तह आणि रोमचा दरवाजा

उदगीरच्या किल्ल्यात उदयगिरी महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही दोघे तटावर चढलो, तेव्हा उन्हे कलली होती. माझे स्नेही लातूरच्या कचेरीत वकिली करून केस पिकवलेले आणि मी नांदेडकडचा शाळामास्तर. त्यामुळे ज्याला ते दावा म्हणतात त्याला मी धडा म्हणतो, आणि आमचे एकमत सहसा होत नाही.

"गुरुजी," ते म्हणाले, "शत्रू पुरता कोंडीत सापडला असता त्याचा उच्छेद करावा, की तहनाम्यावर मोहोर घेऊन त्याला सोडून द्यावे? ३ फेब्रुवारी १७६० रोजी, याच भागात, औशाच्या परिसरात, मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजाम अली वेढले गेलेले, आणि त्यांच्यावर तोफा डागणारा इब्राहिमखान गारदी काल-परवापर्यंत त्यांच्याच चाकरीतला! असे असता भाऊंनी काय केले? सुमारे साठ लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर अशी ठिकाणे घेऊन तह केला. माझ्या मते हा निकाल चुकला."

"निकालाआधी फिर्याद वाचावी, वकीलसाहेब," मी म्हणालो. "असाच दावा सांगणाऱ्या गॉथ टोळ्यांच्या राजाची, अलारिकाची, कैफियत ऐका. तो रोमचा जन्मजात वैरी नव्हता. ३९४ साली सम्राट थिओडोसियसाच्या बाजूने तो लढला, त्या लढाईत गॉथांना आघाडीस घातल्यामुळे त्याची हजारो माणसे कापली गेली, आणि एवढे करूनही पदरी पडावे तसे काही पडले नाही. पुढे पंधरा वर्षे तो ज्यासाठी तलवार घेऊन हिंडला ती गोष्ट रोमचा नाश ही नव्हे. त्याला हवे होते सेनापतीचे मनसब, आपल्या लोकांना वसण्यापुरता मुलूख आणि सालीना धान्य. ४०८ साली रोमला वेढा घालून त्याने खंडणी घेतली, तीत पाच हजार पौंड सोने होते आणि तीन हजार पौंड मिरीही होती." (ही मिरी आपल्या मलबारची, हे ऐकून वकीलसाहेबांना उगीचच अभिमान वाटला.) "एवढे झाल्यावरही त्याने मागण्या कमी कमी करीत आणल्या. रावेनात दडलेल्या सम्राट होनोरियसाने त्या फेटाळल्या, तेव्हा कुठे २४ ऑगस्ट ४१० रोजी गॉथ नगरात शिरले आणि तीन दिवस त्यांनी लूट केली."

"म्हणजे रोमची लूट हा त्याचा पराक्रम नव्हे?"

"ते त्याच्या राजकारणाचे दिवाळे होते. तह मिळाला असता तर त्याने रोमला हातही लावला नसता. त्याच वर्षी तो वारला. त्याच्या लोकांना मुलूख मिळाला तो आठ वर्षांनी, दूर गॉलमध्ये."

वकीलसाहेब थोडा वेळ खालच्या खंदकाकडे पाहत राहिले. "मग भाऊंना तुम्ही अलारिकाच्या पंक्तीस बसवता?"

"भाऊंना नव्हे, त्यांच्या फिर्यादीला. थोरल्या शिवाजी महाराजांची गोष्ट निराळी. १६७४ साली त्यांनी राज्याभिषेक करून घेतला, दुसऱ्याच्या सनदेवर ते विसंबले नाहीत. परंतु १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तेव्हापासून आपला दावा वसुलीचा झाला, मालकीचा राहिला नाही. वसुलीवर हक्क सांगणारा मूळ मालकाला मारील कसा? चौथाई चालायची तर निजाम जिवंत हवा. पालखेडला १७२८ साली पहिल्या बाजीरावांनी त्याच्या बापाला असाच कोंडून असाच सोडला होता. भाऊंनी नवे काही केले नाही, आणि उत्तरेत अब्दाली उतरला होता, दत्ताजी शिंदे १० जानेवारीलाच बुराडी घाटावर पडले होते, हेही विसरू नका."

"ज्याला उत्तरेत जायचे आहे, त्याने पाठीशी जखमी शत्रू ठेवून जावे काय? भाऊ परतूरहून निघाले ते पानिपतावर गेले. भाऊही गेले आणि इब्राहिमखानही. पानिपताच्या त्याच वर्षाअखेर निजाम अली पुण्याच्या रोखाने चालून आला, आणि उदगीरला गमावलेल्या मुलखापैकी बराचसा परत मिळवून गेला."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. तरी मी म्हणालो, "आपण दोघेही वरच्या कोर्टात भांडतो आहोत. खालच्या गावात पाटलाच्या ओट्यावर हा तह कसा वाचला गेला असेल? तेथे दोअमली होती. निजामाचा आमील यायचा, त्याच्यामागे चौथाईचा कमाविसदार यायचा, आणि पीक मात्र एकच. निजाम मोडला असता तर एक घोडा दारात कमी आला असता. रयतेच्या दृष्टीने उच्छेदाच्या बाजूने एवढाच मुद्दा आहे, आणि मला तो मोठा वाटतो. म्हणून सांगतो, निकाल दाव्याप्रमाणे बरोबर होता. दावाच चुकीचा दाखल झाला होता."

वकीलसाहेब हसले नाहीत. परतताना दरवाजापाशी काठी टेकून ते उभे राहिले.

"तहानंतर एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजाम शरण आला," ते म्हणाले. "त्या साली माझ्या वडिलांनी आमच्या जमिनीचा सारा त्याच्याच तहसिलीत, त्याच्याच हाली रुपयांत भरला होता."