सुई सारखी करून

ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकामागे, सिद्धेश्वर तलावाच्या अंगाला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एका तरुणाचा छोटा स्टुडिओ होता. आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्या आणि घोंगड्या ठोकलेल्या, बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि एक टेबल. जाहिरातींचे आवाज, शाळेच्या स्नेहसंमेलनाची गाणी, भजनी मंडळांचे अभंग, मिळेल ते काम तो घेई. मन मात्र त्याचं एकाच वस्तूत गुंतलेलं होतं. त्याला आवाजाचा चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर हवा होता, तोही व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्यांचा.

गाणारा माणूस एक ओळ कुजबुजल्यासारखी म्हणतो आणि पुढची छाती भरून. रेडिओच्या पहिल्या काळात कंट्रोल रूममधला माणूस नॉबवर बोटं ठेवून बसे. आवाज चढला की तो हाताने खाली घ्यायचा, उतरला की वर. ते बोट चुकलं तर प्रक्षेपकाची मर्यादा ओलांडली जाई आणि घरोघरच्या रेडिओवर आवाज फाटे. त्या बोटाचं काम यंत्राने करावं म्हणून कॉम्प्रेसर आले. कॅलिफोर्नियातल्या जिम लॉरेन्स यांनी १९६०च्या दशकात एलए-२ए नावाचा जो कॉम्प्रेसर काढला, त्याची युक्ती मला फार सुंदर वाटते. एका बंद डबीत विजेने उजळणारी पट्टी आणि तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशाला ओळखणारा घटक. आवाज चढला की पट्टी उजळते, उजेड पडला की त्या घटकाचा विद्युतरोध घटतो आणि आवाज आपोआप खाली ओढला जातो. आवाज वाढवण्याचं काम व्हॉल्व्ह करतात. माणसाच्या हाताला मुख्य नॉब दोनच: एक चढलेला आवाज किती दाबायचा ते सांगणारा, दुसरा दाबून झाल्यावर सगळं किती उचलायचं ते सांगणारा.

अस्सल यंत्राची किंमत त्या तरुणाच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून त्याच रचनेचे सुटे भाग मागवून त्याने रात्री जागून सोल्डरिंग केलं, आणि पहिल्यांदा वीज द्यायच्या दिवशी मामांना बोलावलं.

मामांचं आयुष्य जांभळी नाक्याजवळ व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेलं. ट्रान्झिस्टर आले, मग टेपरेकॉर्डर आले, गिऱ्हाईक बदललं. पण बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह त्यांनी खोक्यात कापूस घालून जपले होते. त्यांनी आधी झाकण काढायला लावलं आणि ट्रान्सफॉर्मरपाशी बोट नेलं.

“हे नकाशात बघून जोडलंस?”

“हो मामा, जसंच्या तसं.”

“नकाशा अमेरिकेचा आहे. तिथे घरात १२० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०. या दोन गुंडाळ्या तू शेजारी शेजारी जोडल्यास. आपल्याला एकीमागे एक हव्यात. बटण दाबलं असतंस तर इतक्या रात्रींची मेहनत जळून गेली असती.”

भाच्याने मुकाट्याने जोडणी बदलली. मग मामांनी सिरीज बोर्ड मागवला, त्यात १०० वॉटचा बल्ब लावला आणि त्यातून यंत्राला वीज दिली. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो, यंत्र वाचतं. बल्ब एकदा झपकन उजळला आणि मंदावला. मामांनी डावा हात खिशात घातला तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रात अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात, आणि दोन्ही हात आत असले तर धक्का एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीतून जातो. बटण बंद केलं तरी कपॅसिटर भरलेलेच असतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करायचे, मीटर लावून खात्री करायची आणि मगच आत बोट घालायचं. मामांचे कितीतरी सोबती या धंद्यात घाई करून भाजले होते. म्हणून हे सांगताना त्यांचा आवाज कडक होई.

स्पीकरमधून बारीक घूं ऐकू येत होतं. भाचा प्लगची अर्थिंगची पिन काढायला निघाला. तसं केलं की घूं जातं, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. मामांनी हात धरला. अर्थिंग माणसाच्या जिवासाठी असतं. कॉम्प्युटर एका भिंतीच्या सॉकेटवर होता, कॉम्प्रेसर दुसऱ्या. दोघांना एकाच बोर्डावर आणल्यावर घूं गेलं. अर्धा तास व्हॉल्व्ह तापू दिले, मीटरची सुई शून्यावर आणली आणि यंत्र कामाला तयार झालं.

त्याच आठवड्यात भागातलं एक महिलांचं भजनी मंडळ आषाढीसाठी अभंग ध्वनिमुद्रित करणार होतं. मंडळ मोठ्या काकूंचं. मुख्य आवाज कुणाचा, हे आधीच ठरलं होतं. काकूंच्या सूनबाई, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, आणि पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या मावशी अशा दोघींची चाचणी भाच्याने घेतली होती. ती ऐकून सगळ्यांचे हात वहिनींसाठी वर झाले. काकूंनी वहीत प्रत्येक अभंगापुढे वहिनींचं नाव लिहिलं. मावशींनीही हात वर केला होता, आणि तो मनापासून केला होता.

यंत्र चालू झालं त्या रात्री काकू आणि वहिनी हौसेने बघायला आल्या. दहानंतर स्थानकातली वर्दळ कमी झाली होती, तरी अधूनमधून एखादी गाडी इंजिन घुरघुरवत फलाटाला लागे. भाच्याने वहिनींची चाचणी यंत्रातून वाजवली. दाबण्याचा नॉब फिरवला, सुई मागे गेली. उचलण्याचा नॉब फिरवला, आवाज खोलीत भरला. आणखी दाबलं, आणखी उचललं. प्रत्येक फेरीला गाणं जवळ येत होतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता यंत्राशिवायचं लाव,” मामा म्हणाले.

भाच्याने मूळ मुद्रण लावलं. ते एकदम बापुडवाणं वाटलं.

“बघितलंत ना मामा!”

“बघितलं. आता यंत्रातून आलेलं इतकं खाली घे की दोन्हीला मीटरची सुई सारखीच हलेल. मग ऐक.”

भाचा खट्टू झाला, पण त्याने तसं केलं. आणि खोलीतल्या चौघांनाही ते लख्ख ऐकू आलं. मूळ मुद्रणात विठ्ठलाला हाक मारताना आवाज पायरी पायरीने चढत होता आणि समेवर येऊन विसावत होता. यंत्रातून आलेल्या गाण्यात चढ नव्हता, विसावा नव्हता. पहिला शब्द आणि शेवटची हाक एकाच उंचीवर. दोन ओळींच्या मधे श्वास फुत्कारासारखा येत होता आणि त्याच्याही मागे एसटीचं इंजिन चाललं होतं. ते आलं कुठून? भाच्याने १५ डेसिबल दाबून १५ डेसिबल उचललं होतं. गाताना दाबलं जात होतं. ओळ थांबली की दाब सुटत होता आणि उचलणं मात्र तसंच राहत होतं. १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे दाब पूर्ण सुटेल तेव्हा, आवाज खाली घेण्याआधी, ओळींच्या मधली ती गाडी जवळपास तिप्पट होऊन स्टुडिओत शिरत होती.

“कानाला मोठं ते चांगलं वाटतं,” मामा म्हणाले. “तुझ्या-माझ्या, सगळ्यांच्याच. रेडिओ दुरुस्त करून दिला की गिऱ्हाईक आवाज वाढवून बघायचं आणि खूश व्हायचं. मी बारीक करून ऐकवायचो. दोष असेल तर मला तेव्हाच कळे.”

हे मामांनी भाच्याला सांगितलं होतं. पण ते मनात धरलं वहिनींनी. त्या खुर्चीवरून पुढे सरकल्या.

“दादा, त्या दिवशी आमच्या दोघींचं लावलंत, तेव्हा सुई सारखी होती का हो?”

भाच्याने कॉम्प्युटरवर दोन्ही मुद्रणं उघडली. माईक वहिनींच्या बेताने लावला होता. मावशी नंतर आल्या, संकोचाने मागेच बसल्या आणि भाच्याने काही बदललं नव्हतं. मावशींचा आवाज ९ डेसिबल खाली होता.

“नव्हती,” तो म्हणाला.

“मग आता करा.”

“अगं, ठरलंय ते,” काकू म्हणाल्या.

“आई, ऐकून तर बघूया.”

इथे मला वहिनींपुढे हात जोडावेसे वाटतात. यंत्राचा दोष दाखवला की तो कबूल करायला फारसं धैर्य लागत नाही. स्वतःच्या बाजूने लागलेला निकाल पुन्हा तपासा, असं आपल्याच तोंडाने म्हणणं वेगळं.

भाच्याने दोन्ही सुया सारख्या केल्या आणि कॉम्प्रेसर बाजूला ठेवून आधी वहिनींचं, मग मावशींचं लावलं. वहिनींचा तार सप्तकातला स्वर पहिल्याइतकाच झळझळीत होता. पण मधल्या ओळीत त्या श्वासासाठी शब्दाच्या पोटातच थांबत होत्या. मावशी शब्द पुरा करून थांबत. त्यांच्या गाण्यात अभंग कळत होता, शब्दन् शब्द. इतकी वर्षं मागच्या रांगेतून तो आवाज येत होता आणि कुणाच्या कानी पडला नव्हता.

वहिनींनी ती ओळ पुन्हा लावायला सांगितली. “इथे मी शब्द तोडते,” त्या म्हणाल्या. “मावशी कशा घेतात ते विचारायला हवं.”

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी पिशवीतून वही काढली.

मुद्रणाच्या दिवशी भाच्याने कामाची आणखी एक गोष्ट शिकून घेतली. त्याने आधी दोघींना एकाच माईकवर उभं करून तो माईक कॉम्प्रेसरला दिला होता. वहिनींची लांब तान संपली, लगेच मावशींची ओळ आली आणि तिचे पहिले शब्द बुडाले. त्या डबीतल्या घटकाला आठवण असते. उजेड गेल्यावर तो अर्धा लगेच सावरतो, साधारण ६० मिलिसेकंदांत. उरलेला सावरायला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत वेळ घेतो, आणि उजेड जितका वेळ टिकला तितकं त्याचं सावरणं लांबतं. जोरकस आवाजामागोमाग त्याच वाटेने नाजूक आवाज आला तर दाब त्याला भोगावा लागतो. टाळही त्याच माईकमध्ये पडत होते, त्यामुळे टाळ वाजले की शब्द खाली जात होते. मामांनी टाळकरी बायकांना खोलीच्या टोकाला बसवलं, गाणाऱ्या दोघींना वेगवेगळा माईक दिला आणि कॉम्प्रेसर फक्त वहिनींच्या माईकवर ठेवला. दाबण्याचा नॉब इतकाच फिरवला की तार सप्तकात गेल्यावर सुई दोन-तीन डेसिबल हलावी आणि बाकी वेळ शून्यावर राहावी. मावशींना फक्त माईकजवळ बसवलं. वहिनींनी स्वतः उठून तो त्यांच्या उंचीला आणून दिला.

ज्यांच्या चाली संथ होत्या ते अभंग मावशींनी गायले, गजराचे वहिनींनी. पण काकूंच्या वहीत तेवढीच दुरुस्ती झाली नाही. मंडळात आणखी बायका होत्या ज्यांना एकटं गाताना कुणी कधी ऐकलंच नव्हतं. काकूंनी रविवारी सगळ्यांना एकेक ओळ म्हणायला बोलावलं आणि भाच्याला बजावून सांगितलं, “कोण गातंय ते सांगू नकोस. आणि लावण्याआधी सुई सारखी कर.”