पारपत्र आणि प्रामाण्य

एखाद्या ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानातच असतो की तो बाहेरून सिद्ध करावा लागतो, या प्रश्नावर भारतीय दर्शनांमध्ये शतकानुशतके वाद झाला असून, नागरिकाला पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, देण्याची आणि त्याचे नूतनीकरण करण्याची व्यवस्था कशी सुधारावी याचा विचार करताना तो वाद नव्याने समोर येतो. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वभावतःच प्रमाण असते आणि त्याला खोडून काढणारे दुसरे ज्ञान, म्हणजे बाधक, पुढे आले तरच ते सोडायचे असते. यास स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे खरेपणा बाहेरून ठरतो असे सांगतात. त्यावर मीमांसकांचा आक्षेप असा की पहिल्या ज्ञानाला दुसऱ्याचा आणि दुसऱ्याला तिसऱ्याचा आधार शोधत गेल्यास कोठेच थांबता येत नाही, आणि हाच अनवस्था नावाचा दोष होय.

परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात ठरवले, त्याच वर्षी पारपत्र अधिनियम झाला, आणि १९७८ च्या मेनका गांधी खटल्याने त्या हक्कावर मर्यादा घालणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे असे सांगितले. तेव्हा नागरिकाच्या शब्दाला किती मान द्यायचा हा प्रश्न कार्यालयाच्या सोयीपुरता उरत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो.

मावळ तालुक्यात या प्रश्नाला अगदी साधे रूप आहे. येथील अनेक खेड्यांत पत्ता म्हणजे मुक्काम पोस्ट, ता. मावळ, जि. पुणे एवढाच असतो, घर ओळखले जाते ते आडनावावरून, वाडीवरून किंवा देवळापासूनच्या अंतरावरून, आणि अर्जातील रकान्यांना मात्र इमारत व रस्ता हवा असतो. शिवाय २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झाले तेव्हा तळेगाव दाभाडे त्यात गेले, तर वडगाव, कामशेत आणि लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडेच राहिले. त्यामुळे तळेगावातून कामशेतला भाड्याच्या घरात राहायला आलेला माणूस तालुका न सोडताही दुसऱ्या पोलीस यंत्रणेच्या हद्दीत येतो, आणि जुन्या पत्त्याचे कागद व नव्या पत्त्यावरची पोलीस पडताळणी यांचा मेळ घालण्याचे ओझे त्याच्यावरच पडते.

या बाबतीत डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेले बदल दिसतात त्यापेक्षा अधिक खोल आहेत. आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे ठरले, विवाह प्रमाणपत्राची अट गेली, आणि जोडपत्रे साध्या कागदावरील स्वयंघोषणेने देता येऊ लागली. म्हणजे अर्जदार जे सांगतो ते बाधक येईपर्यंत मान्य करण्याकडे शासन एक पाऊल सरकले. त्याच वेळी साधू-संन्याशांना आईवडिलांच्या नावाऐवजी गुरूचे नाव देण्याची मुभा मिळाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामामुळे योगाभ्यासाचे केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोणावळ्यात या तरतुदीचा अर्थ कळणे कठीण नाही, कारण संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध करून पूर्वीचे नाव व कुळ सोडतो आणि गुरूपासून नवा जन्म मोजतो. शासनाने हा धार्मिक जन्म मान्य केला, ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र त्यासाठी मतदार ओळखपत्र, पॅन किंवा आधार यांसारख्या एखाद्या कागदावर पालकाच्या रकान्यात गुरूचे नाव आधीच असले पाहिजे, अशी अट राहिली, आणि तो पहिला कागद कशाच्या आधारे मिळवायचा असे विचारताच मीमांसकांनी दाखवलेली अनवस्था पुन्हा उभी राहते.

कार्ले आणि भाजे येथील लेण्यांत ज्या भिक्षुसंघाचा वास होता, त्याच्या परंपरेने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली होती. उपसंपदेच्या, म्हणजे भिक्षू म्हणून पूर्ण दीक्षा देण्याच्या, वेळी विनयपिटकानुसार इच्छुकाला तू स्वतंत्र आहेस का, कर्जमुक्त आहेस का, मातापित्यांची अनुमती आहे का, वीस वर्षे पूर्ण आहेत का, तुझे नाव काय आणि तुझ्या उपाध्यायाचे, म्हणजे दीक्षागुरूचे, नाव काय, असे विचारले जाते. उत्तर त्याच्याच तोंडचे धरतात, पण वय कमी असल्याचे पुढे उघड झाल्यास ती उपसंपदा ठरतच नाही.

पारपत्र अधिनियमातही असे बाधक आहेच: कलम १२ नुसार जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे आणि कलम १० नुसार माहिती दडवून मिळवलेले पारपत्र जप्त किंवा रद्द करता येते. खोट्या नावाने निसटणाऱ्याची भीती खरी आहे, आणि ज्याच्याविषयी ठोस शंका आहे त्याची आधी चौकशी व्हावी हेही योग्य. परंतु त्या भीतीपायी प्रत्येकाला आधी संशयित धरणे न्याय्य नाही. नैयायिकसुद्धा तहानलेल्याला पाण्याकडे जाऊ देतात आणि तहान भागल्यावर त्याचे ज्ञान खरे होते असा निष्कर्ष काढतात. यास ते प्रवृत्तिसामर्थ्य, म्हणजे कृती सफल झाल्याने मिळणारी खात्री, म्हणतात. दहा वर्षे पारपत्र बाळगून त्याचा कोणताही गैरवापर न केलेल्या माणसाने ही खात्री आधीच दिलेली असते, म्हणून नाव व पत्ता तोच असेल तर नूतनीकरणासाठी त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे करू नये, घर बदलले असेल तर नव्या पत्त्याची पडताळणी पारपत्र हाती दिल्यानंतर करावी, आणि संन्याशाच्या बाबतीत गुरूने व शिष्याने मिळून सही केलेले निवेदन कलम १२ च्या जबाबदारीवर स्वीकारावे.