दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?



योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाची गोष्ट आहे. 'अ' वर्षाच्या प्रायश्चित्तकाळात चौथ्या रविवारी ती आपण मिस्सामध्ये ऐकतो. त्या माणसाला पाहून शिष्यांना एकच प्रश्न सुचतो : हे कोणाच्या पापाचे फळ, त्याच्या की त्याच्या आईवडिलांच्या? प्रभू येशू तो प्रश्नच बाजूला सारतो. पाप ना याचे, ना त्यांचे, असे सांगून तो लगेच कामाला लागतो. मातीचा चिखल करून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहच्या तळ्याकडे पाठवतो.

शिष्यांचा तो प्रश्न अजून आपल्या तोंडून गेलेला नाही. ज्या घरात ऑटिझम असलेले मूल आहे, त्या घरातल्या माणसांना विचारा. नातेवाईक, शेजारी, कधी कधी आपण चर्चची माणसेही तो विचारतो. म्हणून या रविवारी त्याचाच विचार करू या.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द रूढ झाला आहे, पण तो थोडा फसवा आहे. हे मूल स्वतःत रमलेले असते, त्याला कोणाची गरज नसते, असे त्यावरून वाटते. खरे तसे नाही. मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने झाल्यामुळे त्याला जग वेगळे जाणवते. कुकरची शिट्टी किंवा मिरवणुकीतला ढोल आपल्या कानाला मोठा वाटतो. त्याला तो असह्य होऊ शकतो. ते नजरेला नजर देत नाही, उशिरा बोलते किंवा बोलतच नाही, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. रोजचा रस्ता बदलला तरी ते घाबरते. काही मुले पुढे शिकून नोकरी करतात, तर काहींना आयुष्यभर सोबत लागते. हा लाड किंवा हट्ट नव्हे, आणि ताप उतरतो तसा उतरणारा आजारही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. म्हणजे अशी घरे आपल्या कोल्हापुरातही पुष्कळ आहेत.

दोष शोधण्याची खोड केवळ अडाण्यांची आहे असे नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचा अभ्यास करून ऑटिझमचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले की आई थंड स्वभावाची असली, तिने माया केली नाही, म्हणजे मूल असे होते. किती मातांनी हे ऐकून आयुष्यभर स्वतःला कोसले असेल! बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून हा आरोप खोडून काढला. १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसले. पुढे १९९८ मध्ये लसीला दोष देणारा एक लेख गाजला. तो सदोष ठरून २०१० मध्ये त्या नियतकालिकाने मागे घेतला. 'कोणाचे चुकले?' हा प्रश्न सोडायला शास्त्रालाही इतका काळ लागला.

आपल्याकडे उत्तरे वेगळी, पण रीत तीच. गर्भारपणी ग्रहण पाळले नसेल, कोणाची दृष्ट लागली असेल, आई नोकरी करते म्हणून मूल बोलत नाही. आपण ख्रिस्ती लोक पूर्वजन्म मानत नाही, पण 'देवाने शिक्षा केली' हे शब्द आपल्यालाही सहज सुचतात. काही जण आईला एका प्रार्थनासभेतून दुसरीत पाठवतात आणि मूल बोलले नाही की तिचा विश्वास कमी पडला असे म्हणतात. मुलासाठी प्रार्थना जरूर करावी. पण त्या प्रार्थनेचा हिशेब आईकडून घेणे हे क्रूरपणाचे आहे.

याच्या उलट एक गोड उत्तरही आहे : देव खास मुले खास आईबापांनाच देतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हे वाक्य त्या आईच्या जागी बसून ऐकून पाहा. रात्री मूल झोपत नाही, दिवसा त्याला थेरपीला न्यायचे, शाळेने 'जमणार नाही' म्हणून कळवलेले. तिला आपण खास म्हटले, की थकण्याची, रडण्याची, मदत मागण्याची तिची सोयच आपण काढून घेतो. शिवाय शिक्षा म्हणा किंवा बक्षीस म्हणा, दोन्ही उत्तरांत हा मामला देव आणि ते घर यांच्यातलाच ठरतो. आपण मोकळे! या प्रश्नातली खरी नैतिक अडचण हीच आहे. 'का' याचे उत्तर मिळाले असे वाटले, की 'आता काय करायचे' हे विचारायचे आपण विसरतो.

मग दुःखात देवाचा हेतू शोधूच नये काय? शोधावा. अनेक आईवडील वर्षांनुवर्षांच्या कष्टांनंतर सांगतात, या लेकराने आम्हाला प्रेम करायला शिकवले. ती त्यांची साक्ष आहे आणि ती मोलाची आहे. पण ती त्यांनी द्यायची असते. आपण बाहेरून त्यांच्या गळ्यात घालायची नसते. देवाचे कार्य या माणसाच्या ठायी प्रकट व्हायचे आहे, असे प्रभू येशूही सांगतो. पण तेवढे सांगून तो पुढे चालू लागत नाही. त्याचे हात चिखलाने भरतात. देवाचे कार्य प्रकट होते ते कोणाच्या तरी हातांनी.

त्या गोष्टीत आईवडीलही येतात. त्यांना बोलावून विचारतात तेव्हा ते घाबरतात. हा आमचा मुलगा, जन्मतः आंधळा, पण पुढचे त्यालाच विचारा, असे म्हणून ते अंग काढून घेतात. सभास्थानातून बाहेर काढतील ही त्यांना भीती होती. विचार करण्यासारखी गोष्ट आहे : त्यांना भीती वाटत होती ती प्रार्थनेला जमणाऱ्या लोकांची.

आपण कोणाला बाहेर काढत नाही. पण मूल मध्येच ओरडले की पुढच्या बाकांवरची डोकी मागे वळतात. मग आई त्याला घेऊन व्हरांड्यात उभी राहते. पुढे आईवडील आळीपाळीने मिस्साला येतात, आणि हळूहळू येणे थांबते. फ्रान्समधल्या एका कुटुंबात दोन दिव्यांग मुलगे होते. लूर्दच्या यात्रेला त्यांना सोबत घ्यायला कोणी तयार होईना. ते आपले आपण गेले, तर हॉटेलात जेवण खोलीतच घ्यावे लागले, इतरांना त्रास नको म्हणून. त्यांच्या या व्यथेतून १९७१ च्या ईस्टरला लूर्दला अशा कुटुंबांची यात्रा निघाली. सुमारे बारा हजार लोक आले, त्यांत सुमारे चार हजार बौद्धिक दिव्यांग होते. 'फेथ अँड लाइट' ही चळवळ तेथून सुरू झाली. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनीही व्हॅटिकनमध्ये ऑटिझम असलेली मुले आणि त्यांची कुटुंबे यांची भेट घेतली, आणि त्यांचा एकटेपणा व त्यांच्यावरचा कलंक दूर करण्याचे आवाहन केले.

कोणी म्हणेल, शांतपणे प्रार्थना करण्याचा इतरांनाही हक्क आहे. आहेच. आठवडाभराची काळजी घेऊन आलेल्या आजोबांना शांतता हवी असते, हे नाकारता येत नाही. पण बाप्तिस्मा घेतलेल्या मुलाची चर्चमधली जागा ही आपण केलेली मेहेरबानी नव्हे. ती त्याची आहे. राजर्षी शाहू महाराजांची एक गोष्ट कोल्हापुरात सांगतात. घोड्यांसमोर चंदी एकत्र टाकली तर धट्टीकट्टी घोडी सगळी खातात आणि अशक्त शिंगरे उपाशी राहतात. म्हणून महाराजांनी त्यांना वेगळी चंदी द्यायला लावली. सगळ्यांना सारखे वागवणे म्हणजे न्याय नव्हे, हे आपल्या गावाला नव्याने शिकवायला नको.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. लाउडस्पीकरचा आवाज थोडा कमी ठेवता येईल. दाराजवळचा एक बाक अशा कुटुंबासाठी मोकळा ठेवावा, म्हणजे मूल बेचैन झाले तर बाहेर जाऊन परत येता येईल. शांतीच्या खुणेला आपण हात जोडतो. स्पर्श न सोसणाऱ्या मुलाला ही आपली रीत सोयीचीच आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात चित्रे वापरावीत. दिव्यांगांनाही त्यांच्या शक्तीप्रमाणे धर्मशिक्षण मिळावे, याची जबाबदारी कॅनन कायद्याच्या ७७७ व्या कलमाने धर्मगुरूंवर टाकली आहे. पहिल्या कम्युनियनसाठी मुलाला ख्रिस्तप्रसाद आणि रोजची भाकरी यांतला फरक कळावा, असे पोप दहावे पायस यांच्या काळातील १९१० च्या आज्ञापत्रात सांगितले. तो फरक शब्दांत सांगता येणे ही वेगळी गोष्ट आहे. न बोलणारे मूलही तो आपल्या वागण्यातून दाखवू शकते.

आणि त्या मुलाशी बोलावे. त्याच्या डोक्यावरून आईला 'हा काय खातो, याला कळते का' असे विचारण्यापेक्षा त्याला नावाने हाक मारावी व उत्तरासाठी थांबावे. गोष्टीतल्या आईवडिलांनी 'त्यालाच विचारा' हे भीतीपोटी म्हटले, पण शेवटी तो माणूस स्वतःच बोलला, आणि विद्वानांपेक्षा चांगले बोलला.

या आईवडिलांना रात्री जागवणारा प्रश्न मात्र वेगळाच असतो : आमच्यानंतर याचे कोण? कायद्याने थोडा आधार दिला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो, आणि 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी सीपीआरमध्ये करावी. शेंडा पार्कातील चेतना विकास मंदिरासारख्या विशेष शाळाही आपल्या शहरात आहेत. हे कागद गोळा करायला, रांगेत उभे राहायला कोणी सोबत गेले, तरी त्या घराचे ओझे हलके होते. एखाद्या संध्याकाळी तासभर मुलाजवळ बसणे, त्याच्या भावंडांना आपल्या मुलांबरोबर रंकाळ्यावर नेणे, एवढे आपल्यापैकी कोणालाही जमेल. पालकत्व कागदावर देता येते. पण त्या मुलाला ओळखणारी, त्याची भीती आणि त्याची आवड ठाऊक असलेली माणसे आजपासूनच लागतात. 'आमच्यानंतर कोण' याचे उत्तर एकटे आईवडील देऊ शकत नाहीत. ते धर्मग्रामाने द्यायचे असते.

त्या माणसाला शेवटी बाहेर घालवलेच. ते ऐकून प्रभू येशू त्याला शोधून काढतो. तो येईल म्हणून वाट पाहत बसत नाही. आपल्यापैकी कोणते कुटुंब अलीकडे मिस्साला दिसत नाही, हे आज घरी जाताना आठवून पाहू या, आणि या आठवड्यात त्यांच्या दारी जाऊ या. दोष शोधणारे डोळे मिटून माणूस शोधणारे डोळे प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.